कूलर बंद कर आणि मोठ्यानं वाच

सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातून तीन पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही. त्यातलं कामापुरतं इथं देते.

‘मावशी, फेब्रुवारीपासून तुमचं सदर दिसलं नाही. बऱ्या आहात ना? मला लग्नाआधी वाचनाचं वेड होतं. दळणाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचायची. आता पाच पानं झाली की डोळे मिटतात. मागच्या साली परभणीच्या प्रदर्शनातून तीन पुस्तकं आणली. एक यशस्वी कसं व्हावं ते सांगणारं, एक आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी, एक कवितेचं. तिन्ही चाळिसाव्या पानाच्या पुढं गेली नाहीत. मे महिन्यात नणंद दोन लेकरं घेऊन येते, म्हणजे घरात नऊ माणसं. दुपारी पुस्तक हातात धरलं की सासूबाई म्हणतात, “वाचून कोणाचं पोट भरायलंय?” त्यांना डोळ्यानं कमी दिसतं. थोरलीनं दहावीची परीक्षा दिली, आता दिवसभर मोबाइल. धाकटा सहावीत आहे, पुस्तक म्हटलं की पळतो. मालकांचं शेती आणि बी-खताचं दुकान. उन्हाळ्यात वाचण्यासारखी पुस्तकं सांगा. आणि वाचायचं कधी, तेही सांगा.’

बाई, तुला अगं-तुगं करते, वयाचा हक्क समज. तू पहिल्याच ओळीत माझं विचारलंस म्हणून आधी माझंच सांगते. उगीच नाही सांगत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच सापडलंय.

फेब्रुवारीत मी अंबाजोगाईतलं जुनं घर सोडलं. माळवदाचं घर. दरसाल मिरगाच्या आधी वर पांढरी माती टाकून चोपावी लागते, नाहीतर आषाढात घरभर पातेली मांडून बसायचं. हे होते तोवर माणसं मिळायची, नाही मिळाली तर हे स्वतः टोपली घेऊन वर चढायचे. हे जाऊन चार वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात देवघरावरची तुळई खचली आणि लेकीनं निकाल लावून टाकला. आता दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात आहे, पहिल्या मजल्यावर. स्लॅब गळत नाही, मान्य. पण तापतो किती! माळवदाखाली मे महिन्यातसुद्धा दुपारी निवांत झोप लागायची. इथं रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा.

घर रिकामं करताना पुस्तकांची अकरा पोती निघाली. एक वाचनालय आणि दोन शाळा मिळून नऊ पोती दिली, दोन ठेवली. देताना मला काही झालं नाही. झालं ते नंतर. ‘बनगरवाडी’वरची धूळ झटकली आणि त्यातून एस.टी.चं जुनं तिकीट खाली पडलं. आता यंत्रातून निघतं तसलं नव्हे. कंडक्टर ट्रेमधून फाडायचा आणि चिमट्यानं टिकटिक करून छिद्रं पाडून द्यायचा, तसलं. त्याच्यावर गावाचं नाव नसायचं, नुसता पैशाचा आकडा आणि छिद्रं. हे कुठून कुठं चालले होते, काही पत्ता लागत नाही. तिकीट 62 आणि 63 पानांच्या मध्ये होतं. मी ते परत तिथंच ठेवलंय.

मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन वीस मिनिटांचं, पथ्य महिन्याचं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, फोडणीपाशी जायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब. पट्टी काढली तेव्हा पहिली गोष्ट कळली ती म्हणजे नव्या घराची भिंत पांढरी आहे. दोन महिने मी ती बदामी समजून रंगाऱ्याला नावं ठेवत होते. डोळ्यात जी लेन्स बसवतात तिनं लांबचं स्वच्छ दिसतं, जवळच्या अक्षराला चष्मा लागतोच, आणि त्या चष्म्याचा नंबर महिना-सव्वा महिन्यानं काढतात. म्हणजे खालच्या रस्त्यानं जाणाऱ्या एस.टी.ची पाटी मला वाचता येत होती आणि मांडीवरचं पुस्तक नाही. सत्तावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या बाईची ही गत!

तेवढ्यात परीक्षा संपवून नात आली. पुण्यात आठवीला आहे, इंग्रजी शाळेत. मराठी बोलते फाडफाड, वाचताना मात्र खडीवरून सायकल न्यावी तशी. तिला म्हटलं, रोज तासभर मला वाचून दाखव, आंब्याची पहिली फोड तुझी. ती लगेच तयार झाली.

पहिले तीन दिवस ते वाचन नव्हतंच, भांडण होतं. आमचा कूलर लोखंडी. सुरू झाला की खळ्यावर मळणी यंत्र लावल्यासारखा. ती वाचणार, मी ‘काय?’ म्हणणार, ती ओरडणार, मी पुन्हा ‘काय?’. चौथ्या दिवशी तिनं रागानं कूलर बंद केला. घाम सुटला, पण गोष्ट ऐकू आली. मग आम्ही वेळच बदलली. रात्रीची जेवणं झाली की गच्चीवर, साडेआठ ते साडेनऊ. दिव्याला किडे येतात म्हणून बल्ब लांब दोरीवर टांगायचा आणि वाचणारीच्या हातात चार्जिंगची बॅटरी.

एका रात्री जुन्या दिवाळी अंकातली गोष्ट चालली होती. गोष्टीत ‘कडब्याची गंजी पेटली’ असं वाक्य आलं. पोरगी थांबली. म्हणाली, “आजी, कडब्याची गंजी म्हणजे कडब्याचं बनियन?” खालच्या मजल्यावरच्या वहिनी लसूण सोलायला घेऊन वर आल्या होत्या, त्यांना इतकं हसू आलं की अर्धा लसूण गच्चीभर झाला. मग त्यांचे सासरे खुर्ची घेऊन आले. हे मूळचे उदगीरकडचे, प्रत्येक वाक्याला “हाव, हाव” करायची सवय. त्यांच्या ‘हाव’नं वाचणारीला जोर चढायला लागला. दहाव्या रात्री मोजलं तर आम्ही सातजण होतो, आणि नातीचं वाचन खडीवरून डांबरीवर आलं होतं.

तर बाई, तुझं वाचन सुटलंय ते तू आळशी झालीस म्हणून नाही. नऊ माणसांच्या घरात तू एकटीनं, गप बसून, कोपऱ्यात वाचायला बघतेस. तसला कोपरा तुझ्या घरात मे महिन्यात असणं शक्य नाही. तो शोधत बसू नकोस. पुस्तक घरात मोठ्यानं वाच.

आपल्याकडं हे काही नवीन नाही. माझ्या माहेरी, केज तालुक्यात, श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’. एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. ऐकणाऱ्यांत अक्षर ओळखणारे मोजके, पण गोष्ट सगळ्यांना पाठ. बायका मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायच्या. अभिमन्यू पडला त्या रात्री वाचणाऱ्यानं पोथी बांधायला घेतली, तर एक म्हातारी कडाडली, “लेकराला तिथं मरून पाडून तू घरी जातूस व्हय? पुढचं वाच.” त्यानं आणखी अर्धा अध्याय वाचला, मगच सुटका झाली. त्या म्हातारीला कुणी विचारलं नाही की ऐकून कोणाचं पोट भरतंय. कारण तिचे हात चालू होते.

तुझ्या सासूबाईंच्या बोलण्याचं मला नवल वाटत नाही. त्यांना पुस्तकाचा राग नाही, रिकाम्या हाताचा आहे. त्यांच्या वयाच्या बाईनं दुपारी बसलेली बाई पाहिली की जीव वरखाली होतो, मग ती पुस्तक घेऊन बसलेली असो की देव पाण्यात घालून. म्हणून जे काम बसून करायचं आहे ते मांड. डाळ निवडणं, शेंगा फोडणं, चिंचा झोडपून झाल्या असतील तर चिंचोके काढणं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी हात चालवायचे. वाचणारी दर दिवशी बदलायची. तुझी पाळी आली की तुझे हात रिकामे, आणि त्या दिवशी सासूबाई काही म्हणणार नाहीत, कारण पुढं काय झालं ते त्यांना ऐकायचं असेल.

फक्त पुस्तक त्यांच्या जिभेचं पाहिजे. इथं मी जरा अडून बसणार आहे, कारण पहिलंच पुस्तक चुकलं तर सगळा डाव मोडतो.

‘पाचोळा’पासून सुरुवात कर. रा. रं. बोराडे यांची कादंबरी, 1971 साली आलेली. बोराडे सर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, 2025 च्या फेब्रुवारीत गेले. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची परवड त्याच्या बायकोनं, पारबतीनं, आपल्या तोंडानं सांगितली आहे. मुद्दाम ‘तोंडानं’ म्हणते. ही भाषा डोळ्यानं वाचली तर शहरातल्या माणसाला अडते, कानानं ऐकली तर शेजारीण ओट्यावर बसून आपलं गाऱ्हाणं सांगत असल्यासारखी सरळ आत जाते. नातीला पहिल्या पानावर ठेचा लागल्या. उदगीरच्या आजोबांनी मात्र दुसऱ्या पानाला चष्मा काढून डोळे मिटून घेतले. तुझ्या सासूबाई मध्येच बोलतील. “आमच्या गावात बी असाच एक शिंपी होता” म्हणून स्वतःची गोष्ट सुरू करतील. करू दे. पुस्तकावर बोट ठेवून थांब. त्या दिवशी दोनच पानं झाली तरी चालतील. पण एक सांगून ठेवते, गोष्ट दुःखाची आहे. लग्नघर असेल, हळदीची तयारी चालली असेल, तर ती आधी उरकू दे, मग ‘पाचोळा’ काढ.

मालकांना बसवायचं असेल तर एकच रात्र पुरे. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा शोध. छोटी आहे, एका बैठकीत संपते. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि बाप काय करतो ते शाळकरी पोराच्या नजरेनं सांगितलंय. बाप काय करतो ते मी लिहीत नाही, नावात थोडं आलंच आहे. बी-खताच्या दुकानात बसणारा माणूस रोज त्याच बापाला उधारी देतो किंवा नाकारतो. गोष्ट संपल्यावर मालक काही बोलणार नाहीत. तूही काही विचारू नकोस. पाणी आणून दे.

धाकट्याचं सांगते. सहावीतलं पोर पुस्तकाला भीत नाही, पुस्तकानंतर येणाऱ्या ‘यातून काय शिकलास?’ला भीतं. ते विचारणं आधी बंद. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ दे. सायकल, धावपळ, चोर, आणि दर थोड्या वेळानं ‘टॉक्’. नणंदेच्या लेकरांनाही तोच. तिघं मिळून एका पुस्तकावर भांडली तर समज काम झालं. मुलांनी ‘टॉक्’ करायला सुरुवात केली की तुझं डोकं उठेल, त्याला माझ्याकडं उपाय नाही.

ते झाल्यावर वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’. हे 1981 चं पुस्तक. ग्रंथपाल असताना याच्या किती प्रती बांधणीला पाठवल्या त्याची गणती नाही, इतकं हातोहात फिरायचं. ते तुमच्या घरासाठीच लिहिलंय असं मला वाटतं, कसं ते सांगते. गुलामगिरीत जन्मलेलं एक पोर, आईबापाविना वाढलेलं, लोकांचे कपडे धुऊन शाळा शिकलं आणि शेतीशास्त्रज्ञ झालं. 1896 मध्ये ते अमेरिकेतल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेलं. तिथली जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन पार खंगलेली. कार्व्हरनं सांगितलं, भुईमूग लावा, रताळी लावा, जमिनीला परत काहीतरी मिळू द्या. शेतकऱ्यांनी लावला. मग भुईमूग इतका झाला की घ्यायला गिऱ्हाईक नाही. तेव्हा हा माणूस प्रयोगशाळेत बसला आणि शेंगदाण्यापासून तीनशेच्या आसपास गोष्टी करून दाखवल्या. आता बघ, परभणी म्हणजे कापसाचा मुलूख. त्यावर सोयाबीन आलं. तुझ्या घरी खताच्या गोणीला टेकून लेकरू हे वाचत असलं तर बापाचे कान टवकारणारच. तुमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस 18 मे. त्या सुमारास खरिपाआधी शेतकरी मेळावा असतो, मालक जात असतीलच. यंदा पोराला बरोबर पाठव. पुस्तकातलं शेत आणि खरं शेत एका आठवड्यात बघायला मिळेल.

आता थोरली. हिच्यासाठी तू पुस्तक मागितलंस, मी आधी काम देते. मोबाइल हिसकावू नकोस. दहावी दिलेल्या पोरीच्या हातातून निकाल लागायच्या आधी मोबाइल काढून घेणं म्हणजे घरात जाळ करणं. आपल्या लेकी निकालाची वाट बघत नसतात, निकालानंतर बाप कुठं पाठवणार त्याची बघत असतात. लातूरला पाठवतो, नांदेडला पाठवतो, की इथंच ठेवतो. ती धाकधूक विसरायला तिला तो मोबाइल लागतो. तर त्याच मोबाइलवर आजीचं बोलणं टिपायला सांग. तुझ्या सासूबाईंनी जात्यावर दळलंय की नाही? दळलं असेल तर ओव्या असणारच. त्या आपण होऊन म्हणणार नाहीत, “मला काही येत नाही माय” म्हणतील. पोरीला म्हणावं, जातं नसलं तरी चालेल, सूप हातात दे आणि पाखडताना विचार. हात हलले की ओवी येते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात मराठवाड्यातल्या बायकाही आहेत. तुझ्या घरातल्या चाळीस-पन्नास तरी वहीत उतरू देत. पोरीनं त्या लिहून घ्यायच्या, जो शब्द कळला नाही त्याखाली रेघ मारायची आणि आजीला विचारायचा. नातीच्या ‘बनियन’वरून मला कळलंय, न कळलेला शब्द विचारायला लाज वाटत नाही ते घर वाचनाला चांगलं.

तिला स्वतःला वाचायला काही हवंच असेल तर इंद्रजित भालेरावांचं ‘पीकपाणी’ दे. परभणीचे कवी, 1989 चा संग्रह. किंवा बी. रघुनाथ. ते सातोन्याचे, म्हणजे तुमच्या सेलूला लागूनच, आगगाडीतून जाताना स्टेशन लागतं. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, 1953 मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेले. परभणीच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, पण त्या सभागृहात लग्नाचा रुसवा काढायला बसलेल्या किती जणांनी त्यांची एक ओळ वाचली असेल, देव जाणे. त्यांच्या कादंबऱ्यांना लोक मोठं मानतात. मला कविता जवळची वाटते, ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ मिळालं तर बघ. कविता चाळीस पानं सलग वाचायची नसते, हे तुझ्या त्या तिसऱ्या पुस्तकालाही लागू आहे. एक वाचायची आणि भाजी चिरायला जायचं.

आसाराम लोमटे यांचं ‘आलोक’ही तुमच्याच जिल्ह्यातलं, 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. पण त्या कथा जड आहेत. आठवड्याला एक, त्याहून जास्त नको. आणि अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे श्रावणासाठी राखून ठेव, 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या आत होईल.

सगळ्यांचं झालं, तुझं राहिलं. तुझ्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हे मात्र मोठ्यानं वाचू नकोस, हे तुझं एकटीचं. सलग वाचायचीही गरज नाही. उशाला ठेव, मध्येच कुठंही उघड, दोन पानं वाच, झोप आली तर झोप. ही बाई शाळेत फारशी गेली नाही. नवरा कवी, मनस्वी, कधी कुठं निघून जाईल नेम नाही. 1895 मध्ये तो ख्रिस्ती झाला, आणि पाच वर्षांनी तीही झाली, कुणी ओढून नेलं म्हणून नाही, स्वतःच्या चालीनं. इतकं सोसूनही लिहिते कशी, तर हसत. स्वतःलाही हसते, नवऱ्यालाही. वडिलांच्या सोवळ्याचं वेड ती सांगते तेव्हा मी दर वेळी हसते आणि मग गप होते. ‘पाच पानांत झोप लागते’ असं तू तक्रारीनं लिहिलंस. पहाटे पाचपासून राबणारी बाई रात्री दहाला पाच पानं वाचते, ही तक्रारीची गोष्ट आहे का? पाच पानं रोज म्हणजे काही महिन्यांत पुस्तक हातावेगळं.

तुझ्या त्या यशस्वी होण्याच्या पुस्तकाबद्दल इतकंच, ते नणंदेला भेट दे. आठशे पानांची कादंबरी वाईट नसेल, पण बाजेवर उताणं पडून वाचायची नाही. मला एकदा झोप लागली आणि तसलंच एक नाकावर पडलं. चार दिवस लोक विचारत होते, पडलात कुठं?

पुस्तकं विकत घेऊ नकोस, निदान सगळी नको. गावात नाहीतर शेजारच्या गावात मान्यताप्राप्त ग्रंथालय आहे का बघ. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग केलेले असतात, खेड्यातलं बहुतेक ड वर्गात. ते बंदच असतं, असं तू म्हणशील. असतं, खोटं कशाला बोलू. मी एका अशा ग्रंथालयात पाहणीला गेले होते. कपाटाला कुलूप आणि किल्ली अध्यक्षांकडं, अध्यक्ष राहायला शहरात. वाळवीनं मात्र किल्लीची वाट बघितली नव्हती. पण ग्रंथालयाला अनुदानासाठी तपासणीत देवघेवीच्या नोंदी दाखवाव्या लागतात. तू जाऊन उभी राहिलीस आणि ‘मला सभासद करून घ्या, हे पुस्तक लिहून द्या’ म्हणालीस, तर तू त्यांच्या कामाची माणूस आहेस. नम्रपणे जा, पण दर आठवड्याला जा. पाच-सहा वेळा गेलीस की किल्ली गावात राहायला लागेल. लेकरांना नेलंस तर आणखी लवकर.

आणि ‘बनगरवाडी’ मी यादीत घातली नाही हे तुझ्या ध्यानात आलं असेल. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 ची कादंबरी, जेमतेम दीडशे पानांची. मेंढक्यांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळ. प्रांत माणदेशाचा, पण टँकरची वाट बघितलेल्या माणसाला ते गाव परकं वाटत नाही. मोठ्यानं वाचायला तिच्यासारखी दुसरी नाही. नात रोज विचारते, हे कधी घ्यायचं? मी म्हणते, चष्मा येऊ दे. 62 पानांपर्यंत तू वाच, तिथून पुढं मी वाचीन.

चष्म्याचा नंबर 20 तारखेनंतर काढणार आहेत. डावा डोळा दिवाळीनंतर. तोवर सदर बोलून लिहून घेते, हेही नातीनंच लिहिलंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिच्या नावावर.

मिरगाच्या आधी एक पत्र टाक. पेरण्या सुरू झाल्या की तुला सवड नाही हे मला माहीत आहे. पारबतीचं ऐकून सासूबाई कुठं बोलल्या आणि काय बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिही. आणि त्या बाजरीच्या खारोड्यांत तीळ कुटून घालतात की अख्खे, ते विचारून कळव. वाकायची मनाई म्हणून यंदा मी नुसती सांगत बसले, खालच्या वहिनींनी घातल्या, आणि वाळल्यावर सगळ्यांचा भुगा झाला.

तुझी,
मावशी